छपराचा पूल

घराला छप्पर असावे, गोठ्याला असावे, देवळाच्या सभामंडपाला असावे, हे कोणालाही समजते. पण माणसे आणि जनावरे ज्यावरून घटकाभरात पलीकडे जातात त्या पुलाला छप्पर कशासाठी, असा प्रश्न आपल्याकडील श्रोत्यांना पडणे साहजिक आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र एकोणिसाव्या शतकात छपराचे पूल बांधण्याची सर्रास चाल होती. लांबून पाहणाऱ्याला ते नदीवर आडवे टाकलेले एखादे लांबट कोठारच वाटावे. त्या पुलांपैकी एक कॅलिफोर्निया राज्यातील नेवाडा जिल्ह्यात, दक्षिण युबा नदीवर, ब्रिजपोर्ट या ठिकाणी आजही उभा आहे. तो १८६२ साली बांधला गेला. नदीच्या पात्रात एकही खांब नाही. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत त्याने २०८ फुटांचा एकच गाळा घेतला आहे, आणि तो मुख्यतः लाकडाचा आहे. छपराच्या लाकडी पुलांत याहून लांब असा एक गाळ्याचा जुना पूल आज जगात उरलेला नाही.

या पुलाचा इतिहास सोन्यापासून सुरू होतो. २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शल नावाच्या सुताराला अमेरिकन नदीच्या काठी, कोलोमा येथे, सटर नावाच्या जमीनदारासाठी लाकूड कापण्याची गिरणी उभारीत असताना पाटाच्या तळाशी सोन्याचे कण दिसले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच, २ फेब्रुवारी रोजी, मेक्सिकोने तहान्वये कॅलिफोर्निया संयुक्त संस्थानांच्या स्वाधीन केला. आपण काय देत आहो हे देणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि काय मिळाले हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. बातमी फुटण्यास थोडे महिने लागले. पण एकदा ती फुटल्यावर जणू जगाच्या सर्व दिशांनी माणसांचा लोंढा सुटला. मेक्सिको, चिली, चीन, युरोप आणि अमेरिकेची पूर्वेकडील संस्थाने येथून सहासात वर्षांत सुमारे तीन लाख माणसे कॅलिफोर्नियात आली. सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावरून येणाऱ्या नद्यांत युबा ही सोन्यासाठी विशेष प्रसिद्धी पावली. तिच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या निसेनान लोकांची वस्ती या लोंढ्याखाली पाहता पाहता उद्ध्वस्त झाली. जेथे त्यांची गावे होती तेथे तंबू, मग लाकडी खोपटी आणि मग दुकाने उभी राहिली.

त्या काळच्या बांधकामाचा एक विशेष लक्षात घेतला पाहिजे. सोन्यासाठी आलेला माणूस राहण्यासाठी आलेला नव्हता. वाळू धुवावी, नशिबात असेल ते गोळा करावे आणि घरी परतावे, हा त्याचा संकल्प. त्यामुळे त्याने जे जे उभारले ते एका हंगामापुरते उभारले. गावे एका वर्षात वसत आणि दुसऱ्या वर्षी ओस पडत. नद्यांवरचे पूलही त्याच हिशेबाने टाकले जात. कोकणातला साकव पावसाळ्यात वाहून जायचा हे धरूनच बांधलेला असतो, तशीच त्यांची स्थिती होती. फरक एवढाच की, साकव बांधणाऱ्या गावकऱ्याला आपल्या नदीचा स्वभाव माहीत असतो. युबाच्या काठी आलेल्या उपऱ्यांना तो माहीत नव्हता.

तो त्यांना १८६१–६२ च्या हिवाळ्यात कळला. डिसेंबरात सुरू झालेला पाऊस जानेवारी संपत आला तरी थांबेना. पर्वतावरचे बर्फ कोमट पावसाने वितळले आणि सर्व नद्या एकाच वेळी फुगल्या. कॅलिफोर्नियाच्या मधल्या सपाट प्रदेशाचे सरोवर झाले. राजधानी सॅक्रामेंटो पाण्याखाली गेली. नवे गव्हर्नर लेलंड स्टॅनफर्ड यांना १० जानेवारी १८६२ रोजी स्वतःच्या शपथविधीला होडीतून जावे लागले, आणि विधिमंडळाने आपले बिऱ्हाड काही काळ सॅन फ्रॅन्सिस्कोला हलविले. डोंगराळ भागातील पूल तर एकामागून एक वाहून गेले. ब्रिजपोर्ट येथील आधीचा पूलही त्यांतच गेला.

हा पूल वाहून जाण्याची वेळ अत्यंत अडचणीची होती. तीन वर्षांपूर्वी, १८५९ मध्ये, पर्वताच्या पलीकडे, आजच्या नेवाडा राज्यात, कॉमस्टॉक येथे रुप्याच्या विलक्षण संपन्न खाणी सापडल्या होत्या. नेवाडा जिल्हा कॅलिफोर्नियात आणि नेवाडा राज्य पर्वतापलीकडे, असा हा नावांचा घोटाळा आहे; तो श्रोत्यांनी ध्यानी ठेवावा. कॉमस्टॉकच्या डोंगरावर व्हर्जिनिया सिटी नावाचे शहर उभे राहिले. जेथे रुपे निघत होते तेथे धान्य पिकत नव्हते. पीठ, खिळे, यंत्रे, दारूगोळा, कापड, सर्व काही बाहेरून न्यावे लागे. हा माल आगबोटींनी नदीमार्गे मेरिसव्हिल या गावापर्यंत येई, तेथून खेचरांच्या गाड्यांवर चढे आणि युबाची खोरी ओलांडून हेनेस खिंडीतून पर्वतापार जाई. या वाटेवर दक्षिण युबा ओलांडण्याची एक सोयीची जागा म्हणजे ब्रिजपोर्ट. तेथे पूल नाही म्हणजे रस्ता नाही, आणि रस्ता नाही म्हणजे पथकराचे उत्पन्न नाही.

कारण हे रस्ते सरकारचे नव्हते. राज्य अवघ्या बारा वर्षांचे. त्याच्या तिजोरीत डोंगरी रस्त्यांसाठी पैसा नव्हता. म्हणून खासगी मंडळ्या रस्ता बांधीत, पूल टाकीत आणि जाणाऱ्यायेणाऱ्यांकडून गाडी व जनावर पाहून कर घेत. अशाच एका मंडळीचे, व्हर्जिनिया टर्नपाइक कंपनीचे, काम डेव्हिड वुड याने केले. सिएरा जिल्ह्यात त्याची स्वतःची लाकडाची गिरणी होती. तेथल्या लाकडाच्या प्रचंड तुळया त्याने ब्रिजपोर्टला आणविल्या आणि पूर ओसरला त्याच वर्षी नवा पूल उभा केला.

आता तो कसा उभा केला हे थोडे तपशिलाने पाहणे योग्य होईल; कारण या पुलाचे दीर्घायुष्य त्याच्या रचनेत आहे. नुकत्याच येऊन गेलेल्या पुराने एक गोष्ट शिकविली होती: पात्रात खांब उभा केला तर वाहत येणारे ओंडके त्यालाच प्रथम धडक देतात. म्हणून खांब टाकायचाच नाही आणि पूल पाण्यापासून पुरेसा उंच न्यायचा, असे ठरले. पण २०८ फूट अंतर साध्या तुळईने ओलांडता येत नाही. ती आपल्याच भाराने मोडेल. त्यासाठी वुडने दोन युक्त्या एकत्र केल्या. पहिली युक्ती कैचीची. विल्यम हाउ नावाच्या अमेरिकन रचनाकाराने १८४० मध्ये एका नव्या कैचीचे पेटंट घेतले होते. तिच्यात तिरपे वासे लाकडाचे असतात आणि ते दाब सोसतात. उभे दुवे मात्र लोखंडी सळ्यांचे असतात आणि ते ताण सोसतात. लाकूड दाबाला खंबीर आणि लोखंड ताणाला खंबीर, म्हणून ज्याचे काम त्याला दिले. यात आणखी एक सोय आहे. ओले लाकूड वाळले की आकसते आणि सांधे सैल पडतात. अशा वेळी सळ्यांच्या टोकांचे नट आवळले की सांधे पुन्हा घट्ट होतात.

दुसरी युक्ती कमानीची. कैचीच्या दोन्ही बाजूंना, एका काठच्या दगडी बांधकामापासून दुसऱ्या काठच्या बांधकामापर्यंत, लाकडाची मोठी कमान घातली आहे. थिओडोर बर नावाच्या कारागिराने ही कैचीला कमानीची जोड देण्याची पद्धत त्या शतकाच्या आरंभी रूढ केली होती. कैची भार पेलते आणि कमान त्यातील वाटा उचलून थेट दगडावर नेऊन ठेवते. ब्रिजपोर्टच्या पुलाचा चेहरा याच कमानीने ठरला आहे. त्याच्या बाहेरच्या भिंती लाकडाच्या चपट्या कौलांनी मढविल्या आहेत आणि त्या कौलांमधून कमानीची रेषा स्पष्ट उमटलेली दिसते. जणू अंगरख्यातून पाठीचा कणा दिसावा.

आणि आता छप्पर. याविषयी अमेरिकेत नाना समजुती आहेत. घोड्यांना खालचे पाणी दिसून ती बुजू नयेत म्हणून पूल झाकले, असे कोणी म्हणतात; बर्फापासून प्रवाशांचे रक्षण व्हावे म्हणून, असे कोणी म्हणतात. खरे कारण याहून साधे आहे. लाकडाचा शत्रू नुसते पाणी नव्हे; भिजणे आणि वाळणे यांचा आळीपाळीने चालणारा फेरा हा त्याचा शत्रू. सांध्यात पाणी मुरले, तेथेच राहिले, की कुजण्यास आरंभ होतो; आणि कैचीचा एक सांधा कुजला तर सबंध गाळा धोक्यात येतो. उघडा लाकडी पूल थोड्याच वर्षांत निकामी होतो, झाकलेला शंभर वर्षे टिकू शकतो. म्हणजे छप्पर हे वरून जाणाऱ्या माणसासाठी नसून पुलासाठीच आहे. शिवाय छपराची गोष्ट अशी की, ते कुजले तरी चालते. वरची कौले काढून नवी घालता येतात. मोलाचा सांगाडा वाचविण्यासाठी एक स्वस्त आवरण ऊन‍पावसाला द्यायचे आणि ते वेळोवेळी बदलायचे, हा त्यातील व्यवहार. पावसाळ्यापूर्वी घर शाकारणाऱ्या कोणत्याही कुणब्याला तो समजावून सांगण्याची गरज नाही.

पूल तयार झाला आणि त्यावरून खेचरांच्या लांबच लांब रांगा चालू लागल्या. जाताना पीठ आणि यंत्रे यांनी वाकलेले गाडे, येताना बहुधा रिकामे. सिएराच्या उतारावरील सोन्याची गावे आणि पलीकडची रुप्याची नगरी या दोहोंना हा पूल सांधीत होता. पण हे वैभव किती काळ टिकले? फार तर सहा वर्षे. १८६८ मध्ये सेंट्रल पॅसिफिक कंपनीचा लोहमार्ग सिएरा ओलांडून नेवाडात उतरला आणि १० मे १८६९ रोजी तो पूर्वेकडून येणाऱ्या लोहमार्गाला जोडला गेला. जो माल खेचरे दिवसचे दिवस ओढीत होती तो आगगाडीने काही तासांत जाऊ लागला. हेनेस खिंडीची वाट ओसरत गेली. ज्या रुप्यासाठी पूल बांधला, त्या रुप्याने दुसरी वाट धरली.

पूल मात्र उभाच होता आणि त्याच्याखालून आणखी एक इतिहास वाहत होता. नदीतील वाळूचे सोने संपल्यावर खाणवाल्यांनी १८५३ पासून नवी पद्धत काढली होती. उंचावरून नळांनी आणलेले पाणी प्रचंड जोराने डोंगरावर मारायचे, सबंध टेकडी चिखल करून खाली आणायची आणि त्यातील सोने वेचायचे. या पद्धतीची सर्वांत मोठी खाण मॅलाकॉफ येथे, ब्रिजपोर्टच्या वरच्या अंगाला होती. तिचा राडा वाहून नेण्यासाठी १८७४ मध्ये जवळजवळ दीड मैल लांबीचा बोगदा खडकातून काढण्यात आला. बोगद्यातून बाहेर पडलेला चिखल ओढ्यातून दक्षिण युबात येई आणि या पुलाखालून पुढे जाई. तो खाली सपाटीवर साचला. युबाचे पात्र वर वर चढत गेले, शेते गाडली गेली, आणि मेरिसव्हिलच्या लोकांना स्वतःच्या गावाभोवती बांध घालून ते वर्षानुवर्षे उंच करीत राहावे लागले. शेवटी गावातील एका जमीनमालकाने खाणीवर फिर्याद केली. ७ जानेवारी १८८४ रोजी न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी खाणीचा राडा नदीत सोडण्यास कायमची मनाई केली. एकाच्या धंद्याचा राडा दुसऱ्याच्या शेतात टाकता येणार नाही, असे बजावणारा हा अमेरिकेतील अगदी आरंभीचा निवाडा होय. डोंगरावरचे पाण्याचे फवारे थंडावले, आणि त्याबरोबर पुलावरची उरलीसुरली वर्दळही कमी झाली.

१९०१ मध्ये पथकर बंद झाला. यापुढे ब्रिजपोर्टचा पूल हा एका आडवळणाच्या रस्त्यावरील सार्वजनिक पूल होता. त्यावरून शेतकऱ्यांच्या गाड्या गेल्या, मग मोटारी गेल्या. खेचरांच्या गाड्यांसाठी घातलेली कैची मोटारींचा भार सत्तर वर्षे सोशीत राहिली, ही गोष्ट वुडच्या कारागिरीला भूषणावह आहे. १९७१ मध्ये त्याची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी तो वाहनांना बंद करण्यात आला. जवळच काँक्रीटचा पूल होता. रहदारी त्यावरून जाऊ लागली. जुन्या पुलावरून आता केवळ पायी फिरणारे, शाळांच्या सहलींतील मुले आणि चित्रे काढणारे लोक जात. भोवतालचा परिसर राज्याचे उद्यान झाला.

येथून पुलाचा खरा कठीण काळ सुरू होतो, आणि तो पुराहून किंवा खेचरांच्या भाराहून वेगळ्या प्रकारचा आहे. ज्या वस्तूपासून उत्पन्न येते तिची डागडुजी करण्यास मालकाला कोणी सांगावे लागत नाही. ज्या वस्तूवरून रहदारी चालते तिची डागडुजी लोक ओरड करून करवून घेतात. परंतु जिच्यापासून उत्पन्न नाही आणि जिच्यावाचून कोणाचे अडत नाही, तिची डागडुजी नेहमी पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ढकलली जाते. यात कोणाचा दुष्टावा नसतो. दरवर्षी दुसरे काहीतरी अधिक निकडीचे असते, इतकेच. १९९७ च्या नववर्षाच्या महापुरात पुलाला मार बसला. सांगाड्याचे सांधे हळूहळू खचत गेले. आणि २०११ मध्ये पायी चालणाऱ्यांनाही तो बंद करावा लागला.

योगायोगाची गोष्ट अशी की, त्याच वर्षी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्क राज्यात, ब्लेनहाइमचा छपराचा पूल नाहीसा झाला. तो १८५५ चा, आणि तोही एकाच गाळ्याचा. या दोहोंपैकी लांब कोणता, यावर अभ्यासकांत वाद चाले. २८ ऑगस्ट २०११ रोजी वादळी पावसाने आलेल्या पुरात तो पाहता पाहता वाहून गेला, आणि वाद मिटला. ब्रिजपोर्टचा पूल त्या दिवशी निर्विवाद पहिला ठरला. पण त्याच वर्षी त्याच्या दोन्ही तोंडांना अडसर लागले.

काही वर्षे पूल तसाच उभा राहिला. येत्या हिवाळ्याच्या पुरात तो जाईल की काय, ही धास्ती त्या परिसरातील लोकांना लागून राहिली. त्यांनी चळवळ केली आणि राज्य सरकारकडे पाठपुरावा केला. प्रश्न साधा नव्हता. ज्यावरून एकही गाडी जाणार नाही अशा पुलावर सार्वजनिक पैसा का घालावा? शाळा, रस्ते, रुग्णालये यांची मागणी समोर असताना ज्याला ही निवड करावी लागते, त्याला तो प्रश्न पोकळ वाटत नाही. अखेर २०१४ मध्ये पूल तात्पुरता सावरण्याचे ठरले आणि त्यानंतर संपूर्ण जीर्णोद्धाराचे काम हाती घेण्यात आले. छप्पर आणि बाजूच्या भिंती उतरविल्या, तेव्हा आतला सांगाडा उघडा पडला. कुजलेल्या तुळया काढून त्यांच्या जागी नव्या बसविल्या, धड होत्या त्या ठेवल्या, आणि पुन्हा त्यावर छप्पर चढविले. नोव्हेंबर २०२१ मध्ये, दहा वर्षांनंतर, पूल पुन्हा लोकांसाठी खुला झाला.

आता कोणी विचारील की, इतके लाकूड बदलल्यावर हा वुडचा पूल राहिला का? या शंकेला पुलाची रचनाच उत्तर देते. सैल पडणारे सांधे आवळता यावेत म्हणून वुडने सळ्यांना नट ठेवले होते. बदलता यावे म्हणून छप्पर ठेवले होते. दुरुस्ती ही त्या पुलावर मागाहून आलेली आपत्ती नव्हे; ती त्याच्या मूळ योजनेतच आहे. बांधणाऱ्याने असे धरले होते की, आपल्यामागून कोणीतरी येईल, कौले तपासील, नट आवळील. १८६२ साली, ज्या मुलखात प्रत्येक जण उद्या निघून जाण्याच्या विचारात होता तेथे, त्याने आपल्या मागून येणाऱ्या माणसावर भरवसा ठेवला. अशा पुलाची दुरुस्ती करणे म्हणजे त्याची योजना पुढे चालविणे होय.

छप्पर सर्व संकटांपासून वाचविते असेही नाही. त्याच राज्यातील ब्यूट जिल्ह्यात हनी रन या नावाचा १८८६ चा छपराचा पूल होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅराडाइज हे गाव ज्या वणव्यात जळाले, त्यात तो पूलही भस्मसात झाला. लाकूड पावसापासून झाकता येते, आगीपासून नाही. म्हणून जे उरले आहेत त्यांची राखण अधिक डोळसपणे करावी लागते, कोरड्या गवतापासून थेट छपराच्या कौलापर्यंत.

सोन्याच्या मुलखातून जे सोने निघाले ते जगभर पसरले. त्यातले कोणते कोठे आहे हे आज कोणी सांगू शकणार नाही. कॉमस्टॉकचे रुपेही तसेच गेले. सोन्याचा धूर निघत असे म्हणून ज्यांची ख्याती होती त्या कित्येक गावांचा मागमूसही उरला नाही. दक्षिण युबाच्या काठी, खडकांच्या दोन टोकांवर, एक लाकडी पूल तेवढा राहिला. सोने शोधणाऱ्यांची वाट सोपी करण्यासाठी तो बांधला होता. त्यावरून आज चालत गेले तर आत गारवा असतो, फळ्यांच्या फटींतून उन्हाचे पट्टे पडलेले असतात आणि खालून नदीचा आवाज येत असतो. वर पाहिले तर छपराची नवी कौले दिसतात. तीही केव्हातरी कुजतील आणि बदलावी लागतील. त्यासाठीच ती तेथे घातली आहेत.